मोदकपात्र विकलं आज

मैत्रिणींनो, आई गेल्यापासून नायगावच्या खोलीतलं तिचं सामान ऑनलाइन विकतेय. चाळ पाडणार आहेत, खोली खाली करायचीय, तेवढेच चार पैसे. कपाट गेलं, पंखा गेला. काहीच वाटलं नाही.

आज दुपारी वडाळ्याच्या एक काकू मोदकपात्र न्यायला आल्या. पैसे दिले, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, रिकामं देतेस? चिमूटभर साखर तरी घाल."

घातली. त्या गेल्या, मी दार लावलं.

शेजारणीची साधी वाटीसुद्धा आईने कधी रिकामी परत पाठवली नाही. आणि मी तिचंच भांडं रिकामं देत होते.

रडू अजून आलेलं नाही. तुम्हाला कधी आलं होतं?