अण्णांचे शनिवार

पोटापाण्यासाठी मी जे काम करते ते आईला समजावताना मी नेहमी घायकुतीला येते. लोकांचा डेटा दूरच्या यंत्रावर जपून ठेवायचा, पण रोज सगळाच्या सगळा पाठवायचा नाही. मागील पानावरून पुढे. जे बदललं तेवढंच जाऊ द्यायचं, आणि त्यातलाही जो तुकडा तिकडे आधीच असेल तो पुन्हा न पाठवता नुसतं कळवायचं की तुझ्याकडचाच वापर. आई म्हणते, म्हणजे कामचुकारपणाच की. मी वाद घालत नाही.

बनशंकरीत मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ते अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले मराठी. पुण्याहून आल्यावर पहिले काही महिने त्यांचं कन्नड मुरलेलं मराठी ऐकून मी अंदाजानेच मान डोलवायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात वडिलांच्या वेळेपासून दर शनिवारी संध्याकाळी भजन. इथल्याच शिवाजीनगरहून, येलहंक्याहून माणसं यायची, तेच अभंग त्याच क्रमाने म्हणायची आणि प्रसाद घेऊन परतायची. अण्णांची मोठी बहीण, अक्का, सगळ्यांच्या पुढे असायची. ती हुबळीला मुलाकडे गेली आणि तिथे अंथरुणाला खिळली. तेव्हापासून अण्णा प्रत्येक शनिवार रेकॉर्ड करून तिला फोनवर पाठवतात. ऐकून झालं की ती फोन करते आणि एकेकाची हजेरी घेते.

खालून येणाऱ्या भजनाचा मला खरं तर वैतागच होता. आठवडाभर मीटिंगा झोडल्यावर माणसाला जरा शांतता हवी असते. दाराशी चपला मात्र कधीच दिसत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुण्याची माणसं हुशार असतात हे बहुधा पुण्यातच खरं असावं.

गेल्या वर्षी अण्णांचा जुना कॉम्प्युटर घरघरायला लागला. सगळे शनिवार त्यातच होते. मी म्हटलं, अण्णा, काळजी सोडा, हा माझ्या हातचा मळ. घरातलं इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालणारं, म्हणून ऑफिसात वापरतो तीच पद्धत लावून दिली. त्यांना वाटलं, अभंग तेच आहेत, तर यंत्र एकेकच ठेवून बाकीचे टाकून देईल. मी समजावलं की तसं नसतं. तोच अभंग त्याच माणसांनी पुन्हा म्हटला तरी यंत्राला तो नवाच. अगदी हुबेहूब नक्कल असेल तरच ते ती पाठवायची टाळतं. मला वाटलं हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ते नुसते "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि आत गेले.

जुनी वर्षं रखडत रखडत गेली. एकही शनिवार दुसऱ्यासारखा निघाला नाही, सगळेच्या सगळे पाठवावे लागले. कोविडनंतरच्या वर्षांपाशी आल्यावर मात्र काम एकदम धावायला लागलं. वर्षंच्या वर्षं बघता बघता संपली. माझंच काही चुकलं म्हणून मी दोन-चार शनिवार उघडून ऐकले. दोन वेगळ्या वर्षांच्या शनिवारी, त्याच अभंगाच्या त्याच ओळीवर तबलजी खाकरत होता. चार-पाच जुनेच शनिवार आलटून पालटून, नवी तारीख घालून ठेवलेले.

मला राग आला. इतके दिवस वर बसून मी कुणाच्या नावाने बोटं मोडत होते? तशीच खाली गेले. अण्णा अवरेकाईच्या शेंगा सोलत बसले होते. मी विचारलं तरी त्यांचे हात थांबले नाहीत. तबलजी कोविडमध्ये गेला, म्हणाले. त्याच्या मागोमाग आणखी दोघं. उरलेले मुलांकडे लांबच्या फ्लॅटांत. पहिल्या एकट्या शनिवारी त्यांनी जुनं रेकॉर्डिंग लावून सोबत म्हटलं आणि अक्काला ते जुनंच पाठवलं, एकदाच म्हणून. त्या संध्याकाळी ती म्हणाली की आज तबला काय गोड वाजला.

"तिला सांगून टाका ना," मी म्हटलं.

"कसं सांगू? दिवसभर छताकडे बघत पडून असते ती. शनिवार आला की तिला वाटतं, आपलं घर अजून भरलेलं आहे."

मी ऐकायला तयार नव्हते. म्हटलं, येत्या शनिवारी तुम्ही खरं भजन म्हणा, मी बसते टाळ घेऊन, तेच पाठवा. त्यांनी होकार दिला. मला वाटतं, माझं मन मोडू नये म्हणून.

शनिवारी आम्ही दोघं बसलो. माझा टाळ कधी पुढे, कधी मागे. अण्णा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. इतक्या वर्षांची सवय, बाकीच्यांनी ओळ उचलायची म्हणून. मला शब्द येत नव्हते. नंतर ते रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं. एक ओळ, मग पंख्याचा आवाज. पुन्हा एक ओळ, पुन्हा पंखा. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुसून टाकलं. मग एक जुना शनिवार काढला, त्याला आजची तारीख घातली आणि पाठवला. मला रडू येत होतं आणि स्वतःच्या शहाणपणाचा संतापही.

अक्काचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकरवर असतो.

"आज सगळे रंगात होते रे," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेलेला. "तबलजीला फोन दे. स्वल्प बोलते त्याच्याशी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"सगळे घरी परतले अक्का, आत्ताच."

"बरं. मग पुढच्या शनिवारी थांबवून ठेव त्याला. माझा काही भरवसा नाही आता. एकदा बोलू दे."

"सरी अक्का," अण्णा म्हणाले. "थांबवतो."