पावणेचारचे पक्षी

वस्तीत त्यांना सगळे जाळीवाले म्हणत. खरं नाव मतदारयादीत असेल. बायकोलाही ठाऊक होतं, पण ती ‘अहो’वर भागवायची. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी खिडक्यांना जाळ्या आणि जिन्यांना कठडे करून दिले. चोर बाहेर राहावेत आणि पोरं आत, एवढंच गिऱ्हाइकाचं मागणं. पण जाळीवाले त्यात कुठंतरी एखादं फूल, एखादी वेल घुसडायचेच. गिऱ्हाईक विचारायचं, फूल कशाला? ते म्हणायचे, असू द्या, जागा होती.

बायकोची पाठ सहा वर्षांपूर्वी वाकायला लागली. आधी मान, मग खांदे, आणि बघता बघता कंबरेपासून वरचा सगळा देह जमिनीकडे झुकला. डॉक्टर झाले, पट्टे झाले, तेलं झाली. आता तिला दिसायची ती फक्त फरशी आणि माणसांचे पाय. आलेल्या माणसाला ती चपलेवरून ओळखायची आणि चपलेवरूनच त्याचं माप काढायची. पाठ वाकली तरी जीभ ताठ होती.

कालव्याच्या पलीकडे तिची थोरली बहीण राहायची. मोठ्या पुलावरून वळसा घालून जायचं म्हणजे तासभर मोडायचा, आणि ताईचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले. त्यामुळे दोघींचं सगळं फोनवर. आणि फोनवर ही बाई सहा वर्षं बहिणीला सांगत आली होती की माझं अगदी उत्तम आहे, पाठ थोडी धरते एवढंच. लहानपणी ताई हिला ‘शिडी’ म्हणायची, इतकी ही उंच आणि सरळ होती. त्या ताईपुढे अशी जाऊन उभी राहू? त्यापेक्षा कालवा बरा, असं तिचं मत होतं. जाळीवाल्यांना हे माहीत होतं, आणि ते त्यांना आतल्या आत खात होतं. दोन म्हाताऱ्या बहिणी, मध्ये दगड फेकला तर पोचेल एवढं पाणी, आणि गाठ पडायची कधी?

मग नगरपालिकेनं कालव्यावर पायी जाण्यापुरता पूल मंजूर केला. पुलाचं काम बघणारी इंजिनिअर बाई वयानं लहान, पण डोक्यानं वेगळी होती. बाहेरून एखादा पुतळा आणून पुलाच्या तोंडाशी उभा करायचा, त्यावर कबुतरांनी बसायचं, याला तिचा साफ नकार होता. कला हवी तर ती पुलातच हवी, माणसाच्या हाताला लागेल अशी, असं तिनं वरिष्ठांना पटवलं होतं. वस्तीतून हिंडताना तिला खिडकी-खिडकीत लोखंडी फुलं दिसली आणि या फुलांचा धनी कोण म्हणून विचारत ती थेट वर्कशॉपमध्ये आली. काका, कठडा तुम्ही करायचा, म्हणाली, आणि काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं.

झालं. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी फूल मागितलं नाही, त्याला अख्खा पूल मोकळा मिळाला आणि त्याची मतीच गुंग झाली. जाळीवाल्यांचा कागद म्हणजे वर्कशॉपची जमीन आणि पेन्सिल म्हणजे खडू. आठवडाभर ते जमिनीवर काढत राहिले आणि पुसत राहिले. गुडघे पांढरे झाले, सुचलं काही नाही.

एका सकाळी घरात त्यांच्या सदऱ्याचं बटण पडलं. ते शोधायला खाली वाकले, तर बायको म्हणाली, “जरा सरका. फुलावर उभे आहात.”

त्यांनी पाहिलं. खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर पसरली होती आणि तिनं आपले पाय तिच्या कडेला जपून ठेवले होते. मग ती सहज सांगत गेली. साडेनऊला फूल खाटेच्या पायाशी असतं, सव्वादहाला कपाटाला टेकतं. थंडीत ते लांबत पार दारापर्यंत जातं, उन्हाळ्यात आखडून खिडकीखालीच बसतं. ढग आले की दिवस वाया. सहा वर्षं ती या बागेत राहत होती आणि घरधन्याला पत्ता नव्हता. आपण जन्मभर जाळी उभी बघितली आणि ही ती आडवी बघत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना भरून आलं. जमिनीवर काय बघायला आवडेल तुला, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पाखरं. वरचं काही दिसतच नाही आता.

त्यानंतर जाळीवाले त्या तंद्रीतून बाहेर आलेच नाहीत. सळई वाकवायची, अंगणात उभी धरायची, सावली कुठं पडते ते खडूनं आखायचं, पुन्हा वाकवायची. तिला फिरायला न्यायचं तर सकाळी नऊला, म्हणून नऊचं ऊन त्यांनी धरलं. तेव्हा ऊन ज्या बाजूनं येतं त्याच बाजूच्या कठड्यात पक्षी घालायचे, दुसऱ्या बाजूला नुसते गज. त्या वेळी सावली कठड्यापेक्षा लांब पडते, म्हणून कठड्यातले उभे पक्षी मुद्दाम बुटके केले. हळूहळू रोज नऊच्या सुमारास त्यांच्या अंगणात एक थवा उतरायला लागला. पंख पसरलेले, मान पुढे काढलेले, सगळे एकाच दिशेला चाललेले. जाळीवाले त्यांच्यामधून पाय न वाजवता चालायचे. चहा गार व्हायचा, हाक ऐकू यायची नाही. ऊन वर चढलं की थवा आखडत जाऊन लोखंडाखाली गुडूप व्हायचा, आणि हे तिथंच उभे.

इंजिनिअर बाईनं कठड्याचे तयार चौकोन भिंतीशी टेकवलेले पाहिले आणि तिचा चेहरा पडला. हे पक्षी आहेत की खेकडे, तिनं जपूनच विचारलं. जाळीवाल्यांना बोलून सांगणं कधी जमलं नव्हतं. त्यांनी एक चौकोन उचलून उन्हात धरला आणि तिला खाली बघायला सांगितलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि काम पास झालं म्हणाली.

पूल पुरा होत आला तशी जाळीवाल्यांनी बायकोला पाखरं बघायला चलायची गळ घातली. तिनं बरेच आढेवेढे घेतले. शेवटी अट घातली: पुलाच्या मध्यापर्यंत येईन, पाखरं बघेन आणि माघारी फिरेन. ताईचं नाव काढायचं नाही. जाळीवाले कबूल झाले. मनात म्हणाले, मध्यापर्यंत तर येऊ दे.

कठडे शनिवारी रात्री बसले, बसलेले जाळीवाल्यांनीही अजून पाहिले नव्हते. रविवारी सकाळी काठी टेकत, दर वीस पावलांवर थांबत दोघं नऊला पुलावर पोचली. आणि फरशीवर पक्षी नव्हते. नुसत्या उभ्या गजांच्या काळ्या रेघा होत्या. जाळीवाल्यांनी मान वर केली. पक्ष्यांचा कठडा विरुद्ध बाजूला बसला होता. त्याची सावली बाहेर पडली होती, खाली कालव्याच्या पाण्यावर, आणि तिथं सगळा थवा थरथरत उडत होता. कठड्यावरून डोकावल्याशिवाय तो दिसला नसता, आणि तिला डोकावता येत नव्हतं.

चूक त्यांचीच होती. चौकोनांच्या पाठीवर त्यांनी रंगानं ‘डावी’ लिहिलं होतं. खिडकीच्या जाळीवर जन्मभर असंच लिहीत आले होते, कारण खिडकी घरातूनच बघायची असते. पण पुलाला दोन दारं. कंत्राटदाराची माणसं पलीकडच्या काठावरून काम करत आली आणि त्यांनी आपली डावी धरली. बत्तीस वर्षं मुरलेला कारागीर आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं. त्यांनी तिला खरं ते सांगितलं आणि चल घरी म्हणाले.

ती म्हणाली, ऊन दुपारी त्या बाजूला जाईलच ना? आता घरी जायचं, परत यायचं, एवढं काही माझ्या पाठीला झेपायचं नाही. त्यापेक्षा बसते.

पुलाच्या तोंडाशी झाडाखाली बाक होता. तिथं ती बसली. जाळीवाल्यांनी चहा आणला, पाव आणला, दोनदा माफी मागितली. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होती. किती तऱ्हेचे जोडे निघालेत, म्हणाली. कुणीतरी पळत गेलं, कुणी सायकल ढकलत गेलं. दुपारी तिला डुलकी लागली आणि ते तिच्या डोक्यावरची सावली सरकली तसे तिला आडोसा करत सरकत राहिले. सहा वर्षांत ती एवढा वेळ घराबाहेर राहिली नव्हती.

सव्वातीनला कठड्याच्या बुडाशी काहीतरी काळं जमायला लागलं. आधी चोची आल्या, मग पंख सुटले. पावणेचारला पुलाची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्ष्यांनी भरली. ती उठली. काठी बाजूला धरून, एकेका पंखाच्या कडेनं पाय टाकत ती चालायला लागली. ते तिच्या मागे होते. पुलाचा मध्य आला तशी ती थांबली.

“हे सगळे इकडं तोंड करून का हो?”

तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. ते पक्षी या काठावरून पलीकडे जाणारे काढले होते, तिला सोबत म्हणून. बाजू बदलली तसा थवाही उलटा फिरला होता. ताईचं नाव न घेता हे कसं सांगायचं, त्यांना समजेना. शेवटी ते म्हणाले, “उलटे बसले गं. सगळे घराकडं निघालेत.”

ती खाली बघतच राहिली. वाऱ्यानं तिचा पदर एका पक्ष्यावरून हलला.

“जाऊ दे त्यांना घरी,” ती म्हणाली. “तुम्ही ताईला फोन लावा. म्हणावं, दार उघडं ठेव. वाकलीय पार, पण येतेय.”