हार घातलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला आमच्या घरी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, असा सासऱ्यांचा दंडक आहे. विळी, कात्री, नवऱ्याचे पाने, माझं शिलाई मशीन, सगळं आदल्या दिवशी पुसून ठेवायचं. सकाळी हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि मग दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना सुट्टी. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवावी लागते, आणि ती शिळी लागते म्हणून कुरकुर करायला तेच पहिले. सासरे देवगाव रंगारीचे, शेतकऱ्याच्या घरातले. तिकडं या दिवशी नांगर-कुळव धुऊन पुजतात. इथं शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये नांगर कुठून आणायचा? म्हणून हॉलमधल्या कॉम्प्युटरचा नंबर लागला.

आणि ते त्यांचं हत्यार होतंच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर, त्यातही सासूबाई गेल्यावर, त्यांनी लग्नं जुळवायचं काम अंगावर घेतलं होतं. एक पैसा न घेता. गावाकडचे लोक, नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक आपल्या मुलामुलींचे फोटो आणि माहिती त्यांच्याकडं देत. हे फोटो मोबाइलवर फिरवणं त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. "लेकीचा फोटो म्हंजी काय लग्नातली बुंदी हाय का, दिसंल त्याच्या पानात वाढायला?" असं म्हणायचे. समोरचं घर पारखून, त्या लोकांना आमच्याकडं बोलावून, चहा पाजून, मगच ते कॉम्प्युटरवर फोटो दाखवत. त्यामुळं लोक डोळे झाकून विश्वास टाकत. मला हा उद्योग फारसा रुचत नसे. चहाचं आधण माझ्याच गॅसवर चढायचं, हे एक कारण; पण एकमेव नव्हे. तरी मी तोंड आवरून होते, कारण सासूबाईंच्या मागं हा माणूस कायमचा कोपरा धरून बसला नाही, तो या कामामुळंच.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी गुणमेलनाचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पत्रिका जुळवायला दर वेळी गुरुजींकडं खेटे घालायला नकोत म्हणून. त्याच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी आत शिरलं, ते कुणाला कळलं नाही. सकाळी पूजेसाठी कॉम्प्युटर सुरू केला, पडद्यावर गणपती आणला, मॉनिटरला हार घातला, आणि गणपती जाऊन तिथं लाल चौकट आली. वर ढालीचं चित्र, खाली भराभर सरकणारी इंग्रजी अक्षरं. स्पीकरमधून एक बाई तेच तेच घोकू लागली.

"काय म्हणतीय ती?" सासऱ्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये हेर शिरलेत म्हणते. घरातले फोटो बाहेर चाललेत, आमचं संरक्षण घ्या म्हणते. बाबा, बंद करा ते आधी."

फोटोचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. हात पुढं गेला आणि मागं आला. "पूजा झाली. आज हात लावायचा नाय," ते म्हणाले. "संरक्षण दिती म्हणती ना? मग दिऊ दे तिला. आपण मधी कडमडायचं नाय."

मी वायर उपटणार होते. पण नवरा चितेगावला कंपनीत, घरात आम्ही दोघंच, आणि सणाच्या दिवशी थोरल्या माणसाशी हुज्जत घालायची मला इच्छा नव्हती. बाईचा आवाज तेवढा मी बंद केला. मग ते मशीन दिवसभर, इंटरनेटसकट, हार घालून चालू राहिलं. थोडक्यात, चोराला पाटावर बसवून ओवाळलं आणि घर त्याच्यावर सोपवून आम्ही पुरणपोळ्या लाटल्या.

दसऱ्याला वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई आपट्याची पानं घ्यायला खाली आल्या. त्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडून आमच्याकडं आणि दसऱ्याचं सोनं आमच्याकडून त्यांच्याकडं, हे आम्ही राहायला आलो तेव्हापासून चालत आलेलं. पानं हातात घेता घेता त्यांची नजर पडद्यावर गेली.

"चाचा, ये कब से चालू है?"

"कालधरनं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "ये पूरा झूठा है, चाचा. हे हेर शोधत नाही. आपल्याला घाबरवतं आणि पैसे भरायला लावतं. ती यादीबिदी सगळी बनावट."

सासऱ्यांनी ढालीकडं बोट केलं. "म्हंजी कुंपणानंच शेत खाल्लं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "आन् फोटो? ते गेले का?"

"ते म्हणतंय म्हणून गेले, असं काही नाही. पण खरंच गेलेच नाहीत, असंही मी सांगू शकत नाही. खोटं बोलणारा घरात होता आणि दार उघडं होतं."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एवढं खरं बोलायची काय गरज होती? राग आला मला. पण त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. आधी इंटरनेट तोडलं. मग कॉम्प्युटर अशा रीतीनं सुरू केला की फक्त त्याच्या गरजेपुरत्या गोष्टी चालाव्यात. ती ढाल काढून टाकली. पुन्हा सुरू केला तर ढाल हजर. शोधल्यावर कळलं, की कॉम्प्युटर सुरू झाला की मला उभं कर, असा हुकूमच ती आत लिहून गेली होती. तो हुकूम खोडला, गुणमेलनही काढलं. कॉम्प्युटरचा स्वतःचा खरा राखणदार, म्हणजे अँटिव्हायरस, त्या ढालीनं झोपवून ठेवला होता, त्याला जागं करून सगळं तपासायला लावलं, आणि पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलले. नवऱ्याचा फोन आला, "सगळं पुसून टाका, भानगडच नको." सासरे म्हणाले, "आपल्याकडचं पुसून बाहेरचं पुसलं जातंय का?" ते सारा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून शेजारी बसून होते, दवाखान्यात आपल्या माणसाच्या खाटेशी बसावं तसे.

कॉम्प्युटर साफ झाला. त्यांचं मन काही साफ होईना.

"बाबा, काही गेलं नसणार," मी म्हटलं. "आणि कुणाला कळणार आहे?"

"म्हून तर सांगाया पायजे."

"सांगितलं तर परत कुणी फोटो देणार नाही. काम बंद पडेल तुमचं."

"पडंल तर पडंल. इस्वासानं ठिवलेली चीज हाय."

या कामाशिवाय त्यांचा दिवस कसा जाईल, ते मी पाहिलेलं होतं. सासूबाई गेल्यानंतरचे, हे काम सुरू होण्याआधीचे ते महिने मला आठवत होते. तरी त्यांनी एकेका मुलीच्या वडिलांना फोन लावला. बहुतेक म्हणाले, जाऊ द्या हो. एकानं फोन आपटला आणि फोटो आत्ताच्या आत्ता काढा म्हणून निरोप धाडला. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

एक फोन मात्र त्यांनी केला नाही. देवगाव रंगारीच्या त्यांच्या बालमित्राच्या मुलीचा फोटो नुकताच आला होता. "त्याला फोनवर नाय सांगता यायचं," म्हणाले. त्यांचा रक्तदाब बघून मी बरोबर निघाले.

मित्राच्या घरी ओसरीवर बसलो. सासऱ्यांनी चहाला हात न लावता सगळं सांगितलं, गुणमेलनापासून. मित्र ऐकून हसले. "आरं, तुझ्याकडनं काय जाणार हाय? एवढ्यासाठी आला व्हय? चहा घे."

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कप उचलला. तेवढ्यात दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, कोणता फोटो?"

तिचे वडीलच बोलले. "चुलत्याच्या लग्नातला. पिवळ्या साडीवरचा."

"तो यांच्याकडं कसा?"

ओसरीवरच्या कोनाड्यात पोलीस भरतीची पुस्तकं होती, ती तिची हे मला आत्ता कळलं. अंगावर ट्रॅक पँट होती, पळण्याचा सराव करून आलेली असावी. आवाज चढवला नाही तिनं. "फोटो बाहेर गेला असंल तर असू द्या, काका. पण तो तुमच्याकडं आला तवा मला कुणी इचारलं नाय. मला दोन वर्षं तरी लगीन करायचं नाय, हे घरात समद्यांना ठावं हाय."

"मोठ्यांत बोलायचं नसतं," वडील म्हणाले.

सासऱ्यांनी हात वर करून मित्राला थांबवलं. कप खाली ठेवला. मग ते त्या मुलीकडं वळले.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "मी तुझ्या बापाला सांगाया आलो व्हतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं या उद्योगाबद्दल माझ्या मनात जे खुपत होतं आणि मला धड बोलता येत नव्हतं, ते त्या पोरीनं चार वाक्यांत सांगितलं होतं, आणि आमच्या बाबांनी ते ऐकून घेतलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला. फोटो कसा काढायचा, आणि काढल्यावर कचऱ्याच्या डब्यातूनही कसा काढायचा, ते मला विचारून स्वतःच्या हातानं केलं. मग फोन घेतला आणि आधी लावलेलेच नंबर पुन्हा एकेक करून लावायला बसले.

"व्हय, मीच परत," ते पहिल्या घरी म्हणाले. "तुमच्याशी नाय बोलायचं. लेकीला द्या जरा. तिचा फोटो हाय माझ्याकडं. ठिवू का काढू, तिला इचारायचंय."