टाकी कोरडी, काटा फुल्ल

माझा मोठा भाऊ धुळ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत वारला. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. पारोळ्याच्या पुढे हायवेवर आमच्या गाडीतलं डिझेल संपलं होतं. डिझेल संपल्याचा दोष घरानं आबाच्या मुलावर ठेवला आणि मी तो ठेवू दिला. जवळपास वर्षभर ठेवू दिला. पुतण्याची माफी मागण्यासाठी मी हे लिहीत नाही, ती मागून झाली. पण आबाचा आवाज कानातून जात नाही, म्हणून कागदावर उतरवून बघतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीवरची मोटर, स्टार्टर, केबल यांत एरंडोलच्या अलीकडच्या चार गावांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. शिकलेले लोक मला बोलवायला यायचे आणि मी आधी चहा पिऊन मग उठायचो. हे सांगताना आजही छाती वर येते, लपवत नाही.

आबाच्या हृदयाचं एक काम धुळ्याला झालेलं होतं, त्यामुळे महिन्याला तिकडे जावं लागे. आमची जुनी डिझेल गाडी, तिला गार हवेचं यंत्र नाही. मे महिन्यात आपल्याकडे काय तापतं ते सांगायला नको. आबा घामानं भिजून जायचा, बोलायचा नाही. म्हणून मी जळगावच्या जुन्या बाजारातून एक छोटा लोखंडी पंखा आणला आणि त्याच्या समोर, डॅशबोर्डवर बसवायला घेतला. पुतण्या म्हणाला, "नाना, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, गाडीची वायरिंग नाजूक असते." मी म्हटलं, "तू पाळण्यात होता तेव्हापासून मी वायरी जोडतोय."

पंखा लावला तर उलटा फिरला. हवा आबाकडे येण्याऐवजी काचेकडे. आता मोटर उलटी फिरली की आम्ही काय करतो? दोन वायरी एकमेकांच्या जागी लावतो. विहिरीवर पाणी चढत नसलं की पहिलं हेच. तीस-चाळीस वर्षांत हजार वेळा केलं असेल. तसंच इथं केलं, आणि स्क्रू आवळून बटण दाबलं.

धूर आला. गाडीत बॅटरीची एक तार म्हणजे गाडीचं लोखंडच असतं. पंख्याची एक वायर त्याच्या लोखंडी डब्याला जोडलेली होती. मी वायरी उलट्या केल्या तसा करंट सरळ गाडीच्या अंगात गेला. फ्यूज मी मध्ये घातलाच नव्हता. डॅशबोर्डच्या मागे वायरींचा जो जुडगा जातो, त्यातल्या तीन-चार वितळल्या. मी पटकन बॅटरी काढली.

आबा बाहेर खाटेवर बसला होता. "काय जळनं रे?"

"काही नही. धूळ जळनी."

जुडग्याला काळी टेप गुंडाळली आणि वर पत्रा बसवला. लाईट लागली, हॉर्न वाजला, पंख्याखाली रबराचा तुकडा घातल्यावर तोही सुलटा फिरला, म्हणजे झालं. पण त्या दिवसापासून डिझेलचा काटा फुल्लवर जाऊन बसला तो खाली येईना. दोनदा जळगावला जाऊन आलो तरी फुल्ल. आबानं ते पाहिलं. शेजारी बसून तो रस्ता कमी आणि काटेच जास्त पाहायचा.

"नाना, काटा हालत नही शे. देख जरा."

"गाडी ॲव्हरेज दी ऱ्हायनी. तुनं पोट का बरं दुखस?"

तो हसला. असा विषय तो दुसऱ्यांदा काढायचा नाही, मी लहान म्हणून त्यानं जन्मभर माझं ऐकून घेतलं. मीही मनात म्हटलं, उद्या बघू. तो उद्या काही आला नाही.

पुतण्या धुळ्याला नोकरीला. त्या आठवड्यात तो घरी आला होता आणि गाडी घेऊन शिरपूरला सासरी जाऊन आला. काटा फुल्ल पाहून गेला, फुल्ल पाहून आला, डिझेल कशाला टाकेल? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं कामावर गेला. सकाळी नऊच्या सुमारास आबाच्या छातीत दुखू लागलं. वहिनी पिशवी भरत होती. मी म्हटलं, "तुम्ही मागून बसनं या, मी याला घेऊन निघतो." किल्ली फिरवली, काट्याकडे पाहिलं, फुल्ल.

पारोळा सोडलं आणि पुढे गाडीनं दोन गचके दिले, थांबली. मी उतरलो, बॉनेट उघडलं, म्हटलं फिल्टर चोकला. फिल्टर काढला, फुंकला, पुन्हा बसवला. चालू होईना. पुन्हा काढला. गाड्या जात होत्या. एकालाही मी हात केला नाही, कारण मला दुरुस्ती येत होती ना! अर्धा-पाऊण तास गेला असेल. आबानं दार अर्धवट उघडलं. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटलेला.

"डिझेल देख ना, भाऊ."

"काटा फुल्ल शे! माले नको शिकाडू."

हे मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

मग एक शेतकरी मोटरसायकल थांबवून आला. त्यानं काही न विचारता टाकीचं झाकण काढलं, गाडीला दोन्ही हातांनी हलवलं आणि कान लावला. म्हणाला, "बाबा, आत काहीच वाजत नही. टाकी कोरडी शे." त्यानंच मोटरसायकलवर जाऊन कॅन भरून आणला. पण डिझेल गाडीची टाकी एकदा रिकामी झाली की पाइपात हवा शिरते, ती काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. मी पाना घेऊन हवा काढत बसलो, पण नट हातात येईना. तोवर आबाची मान एका बाजूला गेली होती. केळीची एक रिकामी पिकअप थांबली, तिच्यात त्याला घातलं. धुळ्याला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. जास्त काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

घरी मी एवढंच म्हणालो, "डिझेल संपलं." लोकांनी विचारलं, काल गाडी कुणी नेली होती? झालं. मी एक शब्द खोटा बोललो नाही. फक्त गप्प बसलो. डोक्यावरचे केस काढून पुतण्या ओसरीवर बसला होता आणि माणसं येऊन त्याच्यासमोरच म्हणत होती, "पोरानं डिझेल तरी टाकून ठेवायचं." वहिनीही एकदा म्हणाली. त्यानंतर तो आला की मायलेकात कामापुरतं बोलणं. त्या गाडीच्या स्टेअरिंगला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

कॅनमधल्या तेवढ्या डिझेलवर कशीतरी घरी आणलेली गाडी शेडमध्ये उभी राहिली. अधूनमधून मी जाऊन बसायचो. किल्ली फिरवायचो. बॅटरी अर्धमेली, टाकीत थेंब नाही, आणि काटा हळूहळू आपोआप वर चढायचा, फुल्लवर जाऊन थांबायचा. अंगावर काटा यायचा. शेजारच्या सीटवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग होता, त्याकडे न पाहता मी उतरायचो. उतरताना हमखास ऐकू यायचं, काटा हालत नही शे, देख जरा. रागावून नाही हो. तसाच, हळू.

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा वहिनीनं गाडी विकायला काढली. पाचोऱ्याकडचा एक गिऱ्हाईक आला. किल्ली फिरवून म्हणाला, "वा, टाकी फुल्ल!" मग त्यानं टाकीत काडी घातली, ती कोरडी निघाली. माझ्याकडे बघून हसला. "नाना, तुमची गाडी लबाड शे. काटा दुरुस्त करा, मग बोलू." तो गेला. वहिनी ओट्यावर उभी होती. म्हणाली, "तुम्हालाच जमतं ना वायरींचं? बघा मग."

मी बघायला घेतलं. मनात एकच होतं. टाकीत डिझेलवर तरंगणारा एक फुगा असतो, तो वरच अडकला असेल तर ही कुणाची चूक नाही, गाडीचं नशीब. तसंच निघू दे म्हणून मी देवाला हात जोडले. पुतण्याही सुटेल, मीही सुटेन.

गाडीखाली शिरून टाकीवरची वायर काढली. फुग्यात दोष असता तर वायर काढल्याबरोबर काटा खाली पडला असता. बाहेर येऊन पाहिलं, फुल्ल. पुन्हा गाडीखाली गेलो, वाटलं वायर नीट सुटली नसेल. सुटली होती. तरी मी फुगा बाहेर काढून हातानं वरखाली केला. छान हलत होता. मग वायर धरून पुढे पुढे आलो. पायाखालच्या पत्र्याखाली चांगली, दाराजवळ चांगली. डॅशबोर्डपर्यंत पोचलो आणि माझीच काळी टेप समोर आली. उकाड्यानं ती चिकट झाली होती. सोडवली. आत टाकीची वायर सोलली जाऊन उघडी पडली होती आणि गाडीच्या लोखंडाला टेकली होती. नखानं ती एवढीशी उचलली. काटा पडला, एकदम तळाला.

मी वायर सोडली, काटा चढला. उचलली, पडला. किती वेळा केलं आठवत नाही. मान वर केली तर दारात वहिनी.

"काय झालं?"

टेप परत गुंडाळता आली असती. सापडलं, झालं, एवढं म्हटलं असतं तरी तिनं विचारलं नसतं, तिला वायरी काय कळतात. मी म्हटलं, "वहिनी, इथं या." आणि तिला दाखवलं. पंखा, धूर, टेप, आबानं मला दोनदा सांगितलेलं, मी त्याला काय उत्तर दिलं ते, सगळं. उभ्यानंच सांगितलं, बसायची लाज वाटली.

तिनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"काट्याचं ठाऊक होतं. वायरीचं आज कळलं."

"काट्याचंच विचारते मी."

मी मान हलवली.

"मी माझ्या पोटच्या पोराला बोलले, नाना."

मी म्हटलं, त्याला आत्ता फोन लावतो. ती म्हणाली, "फोनवर नको. तोंडासमोर सांगा. गाडीत डिझेल टाका."

दुसऱ्या दिवशी निघालो. ती पुढच्या सीटवर, आबाच्या जागी बसली. पारोळ्याच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "कुठं ते?" मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली. तिथं काय असणार, डांबर, धूळ आणि एक बाभूळ. ती दोनशे पावलं पुढे गेली आणि परत आली. "इथून डिझेलचा पंप दिसतो," म्हणाली. खरंच दिसत होता. त्या दिवशी मी मान वर करून पाहिलं नव्हतं.

धुळ्याला पुतण्या घरीच होता. आईला गाडीतून उतरताना पाहून घाबरला, वाटलं कुणाला काही झालं. बसा म्हणाला. मी बसलो नाही. सांगत गेलो. संपल्यावर तो माझ्याकडे न पाहता आईकडे वळला. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस, आणि लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "माय, म्हणजे मी नाही?"

"नही रे भाऊ. तू नही."

तो आत गेला. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ सुरू होता. मी मोरीच्या दाराकडे तोंड करून म्हटलं, "चुकलो रे, माफ कर." नळाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

वर्षश्राद्धाला तो सुटी काढून आला, चार दिवस राहिला. पंगतीत वाढायला तोच होता. आपल्याकडे पंगतीत आग्रहाशिवाय जेवण नाही. प्रत्येकाच्या पानापुढे वाकून तो म्हणत होता, आणखी घ्या, एक तरी घ्या, माझी आण. माझ्या पानाशी आला, व्यवस्थित वाढलं, काही कमी नाही ठेवलं, आणि न बोलता पुढच्या पानाकडे गेला.

मी पान पुसून जेवलो.