भाऊ की भाडेकरू

पायजमा शिवायला आलेल्या माणसाने जरा वर पाहिले, की लटारू शिंप्याच्या मनात पाल चुकचुकायची. आपण त्याची कंबर मोजतो आणि तो छपरावरची कवेलू मोजतो, असे त्याला वाटे. केसरबाईने ब्रह्मपुरीतले घर विकायला काढल्यापासून त्याचे हे असेच चालले होते.

त्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तो सत्तावीस वर्षे भाड्याने राहत होता. मागे केसरबाई एकटी. भाड्याची पावती तिने कधी दिली नाही आणि त्याने मागितली नाही. ती दर भाऊबीजेला त्याला ओवाळायची. चौऱ्याऐंशी साली ती थकली, मुलीकडे मुलचेऱ्याला जायचे म्हणू लागली. पण भाडेकरूला कायद्याने सहज काढता येत नाही, म्हणून घर पाहायला आलेले लोक लटारूला पाहून परत जात. हे लटारूला ठाऊक होते, तरी बाईने चहा पाठवला, की त्याला वाटे, आज चहा काऊन?

माजरीच्या खाणीतला देवराव मात्र परत गेला नाही. पोरांच्या कॉलेजसाठी त्याला घर हवेच होते. मेहुण्याला सोबत घेऊन तो मशीनसमोर येऊन बसला.

"तुमी इथी कोन, भाऊ?"

लटारूला वाटले, याला हुसकावून लावावे. "बाईचा भाऊ आहो मी. घरात वाटा हाये माहा."

"भाडं देता का?"

"भावाले कायचं भाडं?"

देवरावने मेहुण्याकडे पाहिले. "आयकलं ना तू?"

ते उठून गेले. हे 'आयकलं ना' कशाला, ते लटारूला कळेना. तो अर्जनवीस पत्रूकडे गेला. सगळे ऐकून पत्रूने कपाळाला हात लावला.

"कायदा भाडेकरूले वाचवते, येड्या. फुकट राह्यणाऱ्या भावाले नाई. त्यानं साक्षीदार आनला अन् तू आपल्या तोंडानं सांगून बसला."

पावती एकही नव्हती, आता सगळे केसरबाईच्या शब्दावर होते. सौद्याच्या दिवशी ती पत्रूच्या ओट्यावर बसली होती. लटारू खाली उभा होता.

"खोल्या मोकळ्या हायेत असं लिवा," देवराव म्हणाला. "तो भाडेकरू नाई, बाईचा भाऊ हाये, घरात वाटा हाये, असं त्यानंच सांगतलं. मोकळ्या असतीन तर मी भाव वाढवून देतो, बाई."

लटारूने मान खाली घातली. बाई आता भाऊच म्हणणार, याची त्याला खात्री होती.

"बोला बाई, कोन हाये हा तुमचा?" पत्रूने विचारले.

"भाडेकरू," केसरबाई म्हणाली. "भाऊ असता तर माह्या माघारी वाटा सांगतला नसता."

"भाव कमी होईन, बाई," देवराव म्हणाला.

"होऊ दे. भाडेकरूसह लिवा."

पत्रूने तसे लिहिले. देवराव कुरकुरला, पण त्याने सही केली.

परतताना लटारू बाईच्या मागे दहा पावले चालत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"बाई, मनात काय हाये तुमच्या?"

"मुलचेऱ्याची बस हाये मनात. उद्या साडेचारची."

ती पुढे गेली. साडेचारला तशी बस खरेच असते का, हे विचारायला लटारू स्टँडकडे वळला.