पडायला शिकलेला पैलवान

हातकणंगले स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते. मी इंग्लंडला निघालो त्या दिवशी तेवढ्या वेळात आईनं बदाम-खसखशीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि आबांनी खिडकीतून हात घालून माझी मान चाचपली, बाजारात बैलाची चाचपतात तशी. "कुटंबी जा, पाठ लावून घिऊ नगंस," एवढंच म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील, स्वतः जुने पैलवान. पंचक्रोशीतल्या मैदानांत त्यांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नाही, असं गाव सांगतं. गाव थोडं वाढवूनही सांगतं.

माझी बायको सुनीता नर्स आहे. तिला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी तिच्यामागून गेलो. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला गडी तिथं गोदामात खोकी उचलू लागला. सवयीनं पहाटे जाग यायची, पण उठून करायचं काय? बेडरूममध्ये जोर मारले तर खालचा भाडेकरू काठीनं छत ठोकायचा. जीव नुसता तळमळायचा. शेवटी माझे मोडलेले कान बघून गोदामातल्याच एकानं विचारलं, कुस्ती खेळतोस का? आणि तो मला शोच्या कुस्तीत घेऊन गेला.

तुम्ही टीव्हीवर बघता तीच ही कुस्ती, फक्त छोट्या हॉलमधली. शनिवारची गर्दी, पोरंबाळं, बिअर. मला फेटा घालून 'महाराजा' केलं. फेटा इतका भिकार बांधला होता की तो सोडून मी माझा मीच बांधला. जिंकणार कोण, हे आधी ठरलेलं. त्यामुळं पहिला धडा पडण्याचा. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, दोन्ही हात आपटायचे आणि सपशेल पाठीवर पडायचं. कोच म्हणाला, सोपं आहे. मला काही केल्या जमेना. हवेत गेलो की अंग आपोआप पालथं व्हायचं. पाठ टेकली की हरलो, हे डोक्यातनं काढता येतं, अंगातनं निघत नाही. असाच एकदा वळलो आणि खांदा निखळला.

खांदा बरा झाल्यावर पडायला शिकलो, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मन रमलं. आडदांड माणसाला डोक्यावर उचलून आपटायचं आणि त्याला खरचटूही द्यायचं नाही, याला कसब लागतं. तो आपली मान माझ्या भरवशावर सोडून देतो. एवढा भरवसा तालमीत माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

आबांना हे सांगायची सोय नव्हती. शेजाऱ्यानं त्यांना मोबाईलवर माझा व्हिडिओ दाखवला आणि त्याच दिवशी त्यांचा फोन आला. "नुरा करतोयस व्हय? मग तालमीच्या मातीत पाय ठिवू नगंस." ठरवून केलेली कुस्ती म्हणजे नुरा. आमच्याकडं पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. त्यानंतर फोनवर म्हशीचं बोलायचे, उसाचं बोलायचे, कुस्तीचा विषय बंद. मला ते फार लागलं. सगळ्या दुनियेनं हसावं, पण आबांनी माझं काम एकदा काम म्हणावं, एवढीच माझी भूक होती.

बाहेर गेलेल्यांना माझी तऱ्हा कळेल. तिकडं असलो की नाकात तालमीच्या मातीचा वास, आणि इकडं येऊन चार दिवस झाले की मी बॅगेची चेन उघडझाक करत बसतो. गेल्या खेपेला कोल्हापुरात तालमीसमोरून रिक्षा गेली तेव्हा मी मान फिरवली.

यंदा आलो ते आबांच्या हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर. गोठ्यात त्यांचा पाय घसरला, पाठीवर पडायचे ते हवेतच वळले आणि हातावर आदळून मनगट मोडलं. तेव्हापासनं ते भिंत धरून चालतात, असं आईनं हळू आवाजात सांगितलं. न्हाणीत जायचं तरी तिला हाक मारतात. एवढा दांडगा माणूस जमिनीला भ्यायला लागला होता.

काल दुपारी जेवणं झाल्यावर आबांनी सोप्यात जाड गादी टाकायला लावली. मला वाटलं, आडवे होतील. ते गादीकडं बघत उभे राहिले.

"त्ये तुजं पडायचं," ते म्हणाले, "म्हाताऱ्याला जमंल का?"

मी त्यांना उकिडवं बसवलं आणि मागं बसून मानेखाली हात धरला. हनुवटी खाली, श्वास सोडा, हात आपटा. पहिल्यांदा त्यांचं अंग वळलंच, माझा हात होता म्हणून निभावलं. मग मी त्यांना माझ्या निखळलेल्या खांद्याची हकिकत सांगितली. "तुजंबी वळतंय व्हय," म्हणून ते हसले आणि पुन्हा बसले. बऱ्याच वेळानं आबा एकदाचे सपशेल पाठीवर पडले, दोन्ही हात दणक्यात आपटले, आणि आढ्याकडं बघत तसेच राहिले.

"तिकडं लोक टाळ्या कवा वाजवत्यात? पडल्यावर का उठल्यावर?"

दोन्ही वेळेला, मी म्हणालो.

आबांनी पडल्या पडल्या दारात उभ्या असलेल्या आईकडं मान वळवली.

"मग वाजीव की."