झाकणाच्या आतलं नाव

विलासला पेटीचं वेड बापाकडून आलं. बाप बन्सी भीमगीतांच्या गायनपार्टीत पेटी वाजवायचा. बाप गेला, पेटी राहिली. विलासनं थर्मल वीजकेंद्रातली ठेक्यावरची नोकरी सोडून परळीत पेटीदुरुस्तीचा गाळा उघडला, तेव्हा गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. खरं सांगायचं तर गल्लीचंही काही चुकलं नव्हतं. भजनी मंडळं पेटी आणून टाकत आणि पैसे सवडीनं देत. परळीच्या हवेतली राख मात्र इमानानं रोज पेट्यांच्या भात्यात शिरायची, तेवढाच काय तो धंद्याला आधार. अर्ध्या गाळ्यात बायको दीपमाला ब्लाउज शिवायची, म्हणून चूल पेटत होती.

त्याची एक रीत होती. पेटी सुरात लागली, स्वतःच्या कानाची खात्री पटली, की झाकणाच्या आत पेन्सिलीनं 'विलास बन्सी' एवढंच लिहायचं. खात्री नसेल तर हात आखडता. हळूहळू मंडळवाले पेटी घेताना आधी झाकण उघडून नाव बघायला लागले. विलासला त्याचा लई अभिमान, आणि त्याच अभिमानानं त्याला गोत्यात आणलं.

निवडणुकीचे वारे सुटले तसं सुंदरराव पुढाऱ्यांना भजनाचं प्रेम आलं. पंधरा गावांना पंधरा पेट्या वाटायच्या ठरल्या. पेट्या कुठूनतरी घाऊक आणलेल्या, स्वस्तातल्या. एका पट्टीचा दुसरीशी मेळ नाही. सुंदररावांचा माणूस बंकट बुधवारी त्या गावांच्या चिठ्ठ्या लावून गाळ्यात उतरवून गेला. रविवारी सकाळी वाटप. एक पेटी धड लावायला अर्धा दिवस जातो. विलासनं मान मोडून काम केलं, तरी रविवार उजाडला तेव्हा आठच झाल्या होत्या. आणि गाळ्याच्या मालकानं सांगून ठेवलं होतं की पहिल्या तारखेला थकलेलं भाडं आलं नाही, तर कुलूप.

नऊ वाजता जीप दारात थांबली.

"सात राहिल्यात, भाऊ," विलास म्हणाला. "चार दिवस द्या."

"येडा का बे तू? मंडपात लोक बसलेत!" बंकटनं आठव्या पेटीचं झाकण उघडलं, मग नवव्या पेटीचं. "हिच्यात नाव न्हाई. साहेबांनी माईकवर सांगितलंय, विलासनं तपासलेल्या पेट्या हायत म्हणून. नाव टाक सगळ्यांत, मंग पाकीट देतो. न्हाई तर आठाचे पैसे बी विसर."

विलासनं दीपमालाकडं बघितलं. तिचा मशीनवरचा पाय थांबला होता.

"एवढ्या बारीला टाका," ती खाली मान घालूनच म्हणाली. "गाळा राहिला तर पुढं शंभर पेट्या नीट करताल."

त्यानं पेन्सिल घेतली आणि सातही झाकणांत नाव लिहिलं. एवढ्या घाईनं त्यानं ते कधीच लिहिलं नव्हतं.

भाडं भागलं, गाळा राहिला. पण विलासची झोप गेली. दारात जीप थांबली की तो हातातलं काम टाकून मागं सरायचा. अनोळखी नंबरचा फोन तो उचलेना. आता कुणीतरी येणार, पेटी आपटणार, चार लोकांत लाज काढणार. दोन महिने झाले, कुणीच आलं नाही. मग त्याला वाटू लागलं, कुणाचा कान एवढा तयार असतोय? चोरी पचल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

एका दुपारी दोन बाया चादरीत बांधलेली पेटी घेऊन पायरीवर टेकल्या. पुढची गीताबाई, तेलगावच्या बायकांच्या भजनी मंडळाची म्होरकी. मागं विमलबाई, पदर तोंडाला लावून गप्प.

आली वेळ, विलासच्या मनात आलं.

"दादा, पेटीत खोट न्हाई," गीताबाईच म्हणाली. "तुमचं नाव हाय ना आत. आमचेच गळे बेसूर. लई सुधरायचा घाट घातला, जमंना. ही विमल तर गाणंच सोडून बसली, निसते टाळ वाजिती. तवा आमच्या गळ्याजोगी पेटी जरा बिघडवून देता का?"

विलासला तोंड वर करवेना. त्यानं बापाची पेटी पुढं ओढली आणि विमलबाईला म्हणाला, "मावशी, एक ओळ म्हणा."

ती आधी नकोच म्हणाली. मग भीत भीत सुरुवात केली. बापाच्या पेटीवर तिचा सूर नेमका पट्टीवर बसला. वरची ओळही बसली. मग विलासनं तेलगावच्या पेटीची तीच पट्टी दाबली, आणि मशीनवर बसलेल्या दीपमालालाही कळलं, सूर कोण चुकतंय ते.

"मावशी, तुमचा गळा सरळ हाय. ही पेटी मी लावलीच न्हाई. निसतं नाव टाकलं, पैशापायी."

गीताबाई काही बोलायला गेली, पण विमलबाईनं तिचा हात धरला. पदर बाजूला करून तिनं विलासकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"मंग दोन महिने मी उगंच गप बसले का?"

विलासनं ओल्या फडक्यानं झाकणातलं नाव पुसलं आणि कानस घेऊन कामाला बसला. दीपमालानं मशीनवरचा मापाचा कागद फाडून, न लावलेल्या उरलेल्या सहा पेट्यांच्या गावांची नावं चिठ्ठ्यांवरून आठवत लिहायला घेतली.